पिस्तुलाचं कुंकू

तमाम मराठी बंधुभगिनींस, विशेषतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि बायकोला योग्य तेवढं घाबरून असणाऱ्या सज्जनांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की पुरुषाच्या आयुष्यात निर्णायक क्षण तीनच असतात. पहिला, मॅट्रिकनंतर सायन्स घ्यायचं की आर्ट्स. दुसरा, पाहिलेल्या मुलीला होकार कळवायचा की नकार. आणि तिसरा, पिस्तुलाच्या स्पर्धेत स्टॉक डिव्हिजनमध्ये उतरायचं की ओपनमध्ये. पहिले दोन निर्णय माझ्या वतीने माझ्या वडिलांनी घेतले. तिसऱ्याच्या वेळी वडील साताऱ्यात होते आणि फोन लागत नव्हता. त्यामुळे तो माझा मला घ्यावा लागणार होता. तो कसा घेतला गेला आणि त्यात एका कुंकवाच्या बाटलीचा हात कसा होता, ते सांगतो. उभं राहायची गरज नाही, बसूनच ऐका.

आधी पिस्तुलाचं सांगायला हवं, नाहीतर तुमचा माझ्याविषयी भलताच समज होईल. मी अमेरिकेत हर्नडनला राहतो. टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. ऑफिस तळघरात, खिडकी नाही. आता हे ऐंशीचं दशक संपत आलंय. ही गोष्ट त्याच्या मध्यावरची, म्हणजे मी पंचेचाळिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हाची. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन सहकाऱ्याने एका रविवारी मला आग्रह करकरून आपल्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. मला वाटलं, ताठ उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि गोल चकतीवर नेम धरायचा, असलं काहीतरी असेल. तसलं काही नव्हतं. समोर मातीचा उंच बांध. त्याच्या पुढ्यात पुठ्ठ्याची माणसं, लोखंडाच्या प्लेटा, मध्ये मध्ये दारं-खिडक्यांच्या नुसत्याच चौकटी. एक माणूस हातात टायमर घेऊन तुमच्या खांद्यामागे उभा राहतो. टायमर 'पीऽप' करतो आणि तुम्ही सुटायचं. दारातून वाकून दोन गोळ्या, खिडकीतून दोन, गुडघ्यावर बसून प्लेटा पाडायच्या, पळता पळता गोळ्यांचं मॅगझीन बदलायचं. नेमाच्या गुणांना वेळेने भागायचं, की झाला तुमचा हिशेब.

आता माझी बाजू समजून घ्या. शाळेच्या प्रत्येक ऐतिहासिक नाटकात मला भालदार करत असत. महाराजांच्या मागे भाला धरून उभं राहायचं, वाक्य एकही नाही. एकदा मी शिंकलो होतो, तेवढीच माझी रंगभूमीची सेवा. आणि इथे काय, तर मागचा माणूस गंभीर आवाजात 'स्टँड बाय' म्हणतो, सगळी रेंज गप्प होते, सगळे माझ्याकडे बघतात. माझ्याकडे! मला साक्षात तिसरी घंटा ऐकू यायची. त्यानंतर टायमर वाजायचा, मी पळायचो आणि प्रत्येक वेळी शेवटचा यायचो. पण प्रवेश जो व्हायचा, तो काय व्हायचा!

बायकोला या कलेची कदर नव्हती. आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाची जबाबदारी तिच्याकडे आलेली होती आणि तिला शिक्षक मिळत नव्हते.

"अहो, एक विचारू?" ती एका रविवारी संध्याकाळी म्हणाली. "तुम्ही दीड तास ड्राइव्ह करून जाता, शेवटचे येता, आणि दीड तास ड्राइव्ह करून परत येता. घरी बसून नाही का शेवटचं येता येणार?"

"अगं, शेवटचं यायलासुद्धा उतरावं लागतं."

"तेच म्हणते. आता जरा बालवर्गात उतरा."

बालवर्गात मी एकदा उतरलो होतो. एका मुलीने मला 'अंकल, आर यू अ रिअल टीचर?' असं विचारलं होतं आणि उत्तराची वाट न बघता सगळी पोरं पार्किंगमध्ये पळाली होती. मी विनवण्या केल्या. शेवटी बायकोने अट घातली. ती बँकेत कर्जाचे अर्ज तपासते, त्यामुळे तिच्या अटीत फट सापडत नाही.

"दसऱ्याची मॅच. त्यात तुमच्या खाली एक तरी माणूस पाहिजे. एक. शेवटपर्यंत मैदानात उभा असलेला. तो दिसला, तर रविवार तुमचा, मी परत नाव काढणार नाही. नाही दिसला, तर पुढच्या रविवारपासून तुम्ही बालवर्गाचे गुरुजी."

नेमकं त्याच सुमाराला आमच्या क्लबाने जाहीर केलं की आता सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं नाही. तीन डिव्हिजन केल्या. स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलं तसंच पिस्तूल, त्याला काही करायचं नाही. ओपन, म्हणजे पिस्तुलाला जे वाटेल ते करा, कुणी विचारणार नाही. आणि रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हरमध्ये कुणीच नाव देत नव्हतं. मी आनंदाने ओरडलोच.

"एक जुनं रिव्हॉल्व्हर उसनं घेतो! एकटाच असेन. पहिला नंबर!"

"आणि शेवटचाही," बायको म्हणाली. कुकरची शिट्टी झाली.

राहिल्या दोन. ओपनमध्ये होता आमचा चॅम्पियन. आठवडाभर लोकांच्या अंगणात पोहण्याचे तलाव बांधायचा आणि रविवारी इथे येऊन सगळ्यांना बुडवायचा. त्याच्याबरोबर त्याच्यासारखेच शर्ट घालणारे दोन चेले. यांच्या खाली जागा होती, पण ती माझीच. उरलं स्टॉक. तिथे बरीच माणसं होती, पण त्यातला कोण माझ्या खाली येईल?

हा पेच सोडवला माझ्या सासूबाईंनी. त्या उन्हाळ्यात नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. सासरे विमानाला घाबरून घरीच राहिले होते. सासूबाईंनी आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि स्वतःच्या मुलीचा कडकपणा त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता. बायको कामावर गेली की आम्ही दोघं किचनमध्ये चहा पीत राजकारण करत असू.

"जावईबापू, तुम्ही उलटीकडून गणित सोडवून राहिले," त्या म्हणाल्या. "शेवटून दुसरं यायचं आहे ना? मग आधी शेवटचा शोधा. तो जिथे असेल तिथे नाव द्या."

काय बुद्धी! मी डोळे मिटून सगळा क्लब आठवला आणि माझ्यापुढे साक्षात दंतवैद्य उभे राहिले. निवृत्त, सत्तरीच्या पुढचे, अतिशय सभ्य. टायमर वाजला की आधी चष्मा सारखा करायचे, मग पिस्तूल काढायचे, मग कुठल्या पुठ्ठ्याकडे बघायचं ते शोधायचे. गेल्या वसंतात तर ते मधेच थांबून टायमरवाल्याला "तिसरी प्लेट कुठाय हो?" असं विचारत होते. माझ्याआधीचा नंबर त्यांचाच असायचा, केसाच्या अंतराने. त्यांनी नाव दिलं होतं स्टॉकमध्ये.

"मग स्टॉक," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पण म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर..."

"तुम्ही त्यांना मारून राहिले का? फक्त खाली ठेवायचंय. चहा घ्या."

मी स्टॉकमध्ये नाव नोंदवलं. त्यामागचं गणित मात्र बायकोला कळू दिलं नाही.

आता दसरा. अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारी येतात. पंचांग काहीही म्हणो, मंडळाला शनिवार सोयीचा पडतो. त्या वर्षी आमच्या घरी पूजा होती आणि मॅच लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी. देवघरापुढे पाट मांडून सासूबाईंनी शस्त्रं मांडली. शिवणयंत्र. स्क्रू-ड्रायव्हरचा सेट. एका डॉक्टर मित्राने मोठ्या भक्तिभावाने आणून ठेवलेला स्टेथोस्कोप. आणि मध्यभागी, आमच्या मंडळाच्या इतिहासात प्रथमच, खरोखरीचं शस्त्र. मी मॅगझीन काढून, पिस्तूल पुन्हा पुन्हा तपासून, नळी भिंतीकडे करून ते ठेवलं होतं. आपट्याची पानं म्हणून अंगणातल्या ओकची पानं. आरती झाली. जमलेल्या प्रत्येकाला माझ्या डिव्हिजनबद्दल मत होतं, कारण जेवण वाढायला वेळ होता.

"ओपनच घे यार," स्टेथोस्कोपवाला म्हणाला. "प्रेस्टीज असतं. उद्या कुणी विचारलं तर काय सांगशील, स्टॉक?"

"काका, स्टॉकला सेफ्टी आहे," एक नुकताच आलेला इंजिनिअर म्हणाला. तो शेअरबाजाराबद्दल बोलतोय की पिस्तुलाबद्दल, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"तुम्ही हरा हो कशातही," एक काकू पुऱ्यांचा डबा उघडत म्हणाल्या. "आम्हाला बालवर्गाला गुरुजी मिळतील."

पाहुणे गेल्यावर मी पिस्तूल पुसायला घेतलं. हळद निघाली, अक्षता निघाल्या, झेंडूची एक पाकळी मागच्या फटीतून काढली. पण नळीच्या पुढच्या टोकाला, जो बारीकसा काळा उंचवटा असतो ना, ज्याच्यावरून नेम धरायचा, ज्याला साइट म्हणतात, त्यावर सासूबाईंनी काडीने नेमका एक टिळा लावला होता. कोरडं कुंकू नाही, बाटलीतलं ओलं. हे कुंकू एकदा वाळलं की लाखेसारखं बसतं. नखाने खरवडून बघितलं, हललं नाही. म्हटलं, जाऊ दे, एवढ्याशा टिळ्याकडे कोण बघतंय? आणि पिस्तूल पेटीत ठेवून दिलं.

सकाळी आम्ही तिघं निघालो. बायको अट तपासायला. सासूबाई बघायला. काठापदराची साडी, त्यावर माझं स्की-जॅकेट, पायांत नातीचे बूट. रेंजवर पोचल्यावर सगळ्यांना कानांवर मफ लावावे लागतात, तसे त्यांनाही दिले. डोंगरावरून गार वारा येत होता. सासूबाईंना मफ भलतेच आवडले. "किती ऊब आहे हो यात!" त्या ओरडल्या. मफ लावले की माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही आणि तो वाढत जातो. त्या दिवशी सासूबाई जे बोलल्या ते सगळं शाळेच्या पटांगणावरून मुलींना बोलवावं तशा आवाजात बोलल्या, आणि मफ काही त्यांनी काढले नाहीत.

आधी तपासणीचं टेबल. तिथे क्लबाच्या नियमांची बाई बसायची. आठवडाभर ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे कुणाचं काही ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. तिने माझं रिकामं पिस्तूल उचललं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि टोकाशी थांबली.

"हे काय आहे?"

"हे धार्मिक आहे," मी म्हणालो.

"असेल. पण लाल आहे."

"काल आमचा सण होता. आम्ही हत्यारांची पूजा करतो."

"चांगली गोष्ट आहे. कारखान्यातून हे लाल आलं होतं?"

"नाही."

"मग रंगवलेली साइट. स्टॉकमध्ये चालत नाही. पुसून टाक, नाहीतर ओपनमध्ये जा. मागे लाइन आहे."

मी हसलो. पुसून टाकू, त्यात काय! रांगेत माझ्या मागे नेमके दंतवैद्यच उभे होते. त्यांनी तत्परतेने आपल्या पेटीतून कसल्याशा द्रावणाची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला, कापूस त्यात बुडवला आणि काडी माझ्यापुढे धरली. मी ज्यांना खाली ठेवायला आलो होतो, ते स्वतःच्या हाताने मला स्टॉकमध्ये ठेवत होते. मी ती काडी घेतली.

"काय म्हणून राहिली ती?" सासूबाईंनी गर्जना केली.

"म्हणते, कुंकू पुसा."

"काय पुसा?"

"कुंकू."

त्या पुढे आल्या. चष्म्यातून आधी काडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दसऱ्याचं कुंकू? दुसऱ्याच दिवशी? माझ्या डोळ्यांदेखत, माझी मुलगी शेजारी उभी असताना तुम्ही कुंकू पुसणार?"

अमेरिकेतल्या कुठल्याही रेंजवर, कुठल्याही नेमबाजाला असा प्रश्न कधी पडला नसेल. काडी माझ्या चिमटीत. समोर स्टॉक, दंतवैद्य आणि आयुष्यभराचे रविवार. डाव्या हाताला सासूबाई. मी हळूच त्यांना डोळ्याने खुणावलं, की अहो आई, आपलं ठरलं होतं ना, तो शेवटचा, तो बघा इथेच उभा आहे! पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर गणित शिल्लकच नव्हतं.

"पुसा की," बायको गोड आवाजात म्हणाली. "कापूससुद्धा देतायत बिचारे. मी हवं तर तिकडे तोंड करते."

ही बाई कर्जाचे अर्ज उगीच तपासत नाही. पुसलं तर सासूबाई गेल्या, नाही पुसलं तर रविवार गेला. मी काडी दंतवैद्यांना परत दिली, आभार मानले आणि बसवालीला म्हणालो, "ओपन."

तिने माझ्या त्या साध्या, काळ्या, दुकानातून आणल्या तशा पिस्तुलाकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"बरा आहेस ना?"

ओपनच्या गटात मी गेलो तेव्हा सगळे वळून बघायला लागले. चॅम्पियनने त्या दिवशी नवंकोरं पिस्तूल आणलं होतं. नळीपुढे आणखी एक भोकाभोकांचा तुकडा जोडलेला, म्हणजे गोळी सुटली की वायू वरच्या भोकांतून निघतो आणि पिस्तूल उसळत नाही. मॅगझीन हातभर. आतले सगळे भाग घासून घासून इतके घट्ट बसवलेले की आत हवासुद्धा परवानगी घेऊन शिरत असेल. तो माझ्याजवळ आला, माझं पिस्तूल न्याहाळलं. बदल एकच होता. लाल ठिपका.

"कुठला रंग आहे हा?"

"नागपूरचा."

"आम्हाला मिळेल?"

"सासू असावी लागते."

तो विचारात पडला.

एकूण चार खेळ होते. पहिल्या खेळाला मी उभा राहिलो तो सगळं सोडून दिलेल्या माणसासारखा. बालवर्गात मुलांना काय शिकवायचं, याचा विचारही सुरू केला होता. 'स्टँड बाय.' तिसरी घंटा. पीऽप. मी पिस्तूल काढलं, समोर धरलं, आणि थबकलो.

मला दिसलं!

चाळिशीनंतर माणसाला हाताच्या अंतरावरचं दिसेनासं होतं. काळ्या पिस्तुलाच्या टोकावरचा काळा उंचवटा मी वर्षभर काळ्या सावलीत शोधत होतो, आणि तो सापडेपर्यंत इतर लोकांचं जेवण होत असे. आता तिथे टपोरं, लालबुंद, सुवासिनीच्या कपाळावर असावं तसं कुंकू होतं. नजर दुसरीकडे जाऊच शकत नव्हती. मी कुंकू पुठ्ठ्यावर ठेवलं आणि चाप ओढला. पुढच्या पुठ्ठ्यावर ठेवलं. प्लेटेवर ठेवलं, प्लेट 'टंग' करून पडली. टायमरवाल्याने माझा आकडा वाचला आणि खात्रीसाठी पुन्हा वाचला. चॅम्पियनच्या एका चेल्याने चक्क टाळी वाजवली. मी कमरेत वाकून अभिवादन केलं. भालदाराला अखेर वाक्य मिळालं होतं.

तरीही ओपन ते ओपन. चॅम्पियन माझ्या निम्म्या वेळात तेच करून बाजूला झाला. दुसऱ्या खेळातही तसंच. शिवाय दुसऱ्या खेळात मला इतकं छान दिसत होतं की त्या आनंदात एका पुठ्ठ्याला मी विसरूनच पुढे पळालो. तो मागे जिवंत राहिला आणि त्याचा दंड मला बसला.

मधल्या वेळेत मी सासूबाईंकडे गेलो. त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर दंतवैद्य. मधे आमचा चिवड्याचा डबा. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, दंतवैद्यांना मराठी मुळीच नाही, पण दोघांची चर्चा रंगात आली होती. सासूबाई आपल्या जाड भिंगाच्या चष्म्याकडे बोट दाखवत होत्या, दंतवैद्य आपल्या उजव्या डोळ्याकडे, आणि दोघंही माना डोलावत होते.

"जावईबापू!" त्या गरजल्या. "यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे! माझंही झालं, पण मला हा चष्मा दिला. यांना डोळ्यातच भिंग बसवून दिलं! या उन्हाळ्यात!"

"म्हणजे यांना आता...?"

"सगळं दिसतं! मघाशी यांनी मला तिकडच्या डोंगरावरची गाय दाखवली. मला नाही दिसली!"

तेवढ्यात दंतवैद्यांचं नाव पुकारलं. ते उठले, चिवड्याचे हात रुमालाला पुसले आणि गेले. टायमर वाजला. त्यांनी सवयीने चष्मा सारखा करायला हात वर नेला, तो तिथे नव्हता, तेव्हा पिस्तूल काढलं. मग एकेक प्लेट, सावकाश, दुखणारी दाढ हळुवार काढावी तशी, न चुकता. एकही गोळी फुकट नाही. वेळ भरपूर घेतला, पण जागच्या जागी सगळं स्वच्छ. मी घाम पुसला. एरवी गोळ्या चुकवणारा आणि वरून वेळ घेणारा म्हातारा आता फक्त वेळ घेत होता.

तिसऱ्या खेळात चॅम्पियन उतरला आणि त्याच्या नव्या पिस्तुलाने दोन गोळ्या झाडून तिसरी अडकवली. त्याने ती झटकून काढली. पुढची अडकली. तीही काढली. इतकं घट्ट बसवलेलं यंत्र, त्यात वाऱ्याबरोबर उडणारी धूळ, आणि गोळ्या त्याने घरी भरलेल्या, त्याही नवीनच प्रकारच्या. त्याचे कान माझ्या पुढच्या साइटइतकेच लाल झाले होते. कसाबसा खेळ संपवून तो टेबलाशी गेला आणि पिस्तूल उघडून बसला. त्यातून एक बारीक तुकडा निघाला. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर ओढून काढणारा तो भाग असतो, तोच मोडला होता. चेले धावले. त्यांच्या पिस्तुलांचे भाग याला बसेनात, कारण प्रत्येकाचं वेगळं घासलेलं. चौथ्या खेळाला तो ओळीवर येऊन उभा राहिला, एक गोळी झाडली, पुंगळी आतच राहिली. त्याने पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि मान खाली घालून बाजूला झाला. चौथ्याचे गुण जवळजवळ शून्य.

बायको माझ्याकडे आली. थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला.

"तो आता हिशेबात किती आहे?"

"पहिल्या दोन खेळांत त्याने बरंच कमावलंय. मी चौथा नीट केला तर त्याच्या वर जाईन. नाही केला तर नाही."

"शेवटपर्यंत मैदानात उभा होता, हे मी धरते," ती म्हणाली. प्रामाणिक बाई आहे. मग दुसरीकडे बघत, "आणि मघासारखं काही विसरू नका आता."

चौथा खेळ प्लेटांचा होता. मी विसरलो नाही. कुंकू, प्लेट, टंग. कुंकू, प्लेट, टंग. शेवटची प्लेट मला दोनदा चुकली. खांद्यामागे टायमरवाल्याचा श्वास ऐकू येत होता. मॅगझीनमध्ये आता एकच गोळी असावी. मी हात सैल केले, टिळा प्लेटेच्या बरोबर मधोमध ठेवला आणि चाप असा ओढला की जणू कुणाच्या कपाळाला लावतोय. प्लेट जराशी मागे झुकली, विचार केला, आणि पडली.

दुपारी बसवालीने फळ्यावर आकडे लावले. शेजारी शेजारी दोन याद्या, डावीकडे स्टॉक, उजवीकडे ओपन. गोळीबार थांबला होता, सगळ्यांनी मफ काढले होते, वाराही पडला होता. फळ्यापुढे सगळा क्लब शांतपणे उभा होता. ओपनमध्ये दोन्ही चेले वर, मग मी, आणि माझ्या खाली, अगदी थोडक्याने, चॅम्पियन. मी ते दोनदा वाचलं. त्याने पुढे होऊन माझा हात हातात घेतला. मोठ्या मनाचा माणूस. बायकोने बोट लावून आकडे तपासले, तिचा पेशाच तो, आणि म्हणाली, "मान्य. रविवार तुमचा."

मी मान तिरकी करून, खालच्या आवाजात, अत्यंत विनयाने म्हणालो, "बघ, योग्य डिव्हिजन निवडणं हीसुद्धा एक विद्या आहे."

सासूबाई फळ्याला नाक लावून उभ्या होत्या. मफ अजून कानांवर. गणिताच्या बाई त्या, एकच यादी वाचून त्यांचं भागणार नव्हतं. त्यांचं बोट डावीकडच्या यादीत तळाला गेलं, दंतवैद्यांवर थांबलं. मग सरळ रेषेत उजवीकडे आलं, माझ्या आकड्यावर थांबलं. ओठ हलले. बोट पुन्हा डावीकडे गेलं, पुन्हा उजवीकडे आलं. मी घाईघाईने त्यांचे मफ काढायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. त्या वळल्या आणि पलीकडच्या डोंगरावरच्या गाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या बायकोच्या कानाशी, ओरडल्या:

"बरं झालं बाई मी कुंकू लावलं! नाहीतर जावईबापू, ज्या म्हाताऱ्याला खाली ठेवायला स्टॉकमध्ये नाव दिलं होतं, त्याच्याच खाली दिसला असतात!"